नाव दिलेत, नमुना कुठे आहे?

शिवड्याचे पोट उभे चिरले की आधी हाताला लागते ती जठराची जाड पिशवी. शिवडा अधाशी मासा, त्यामुळे तिच्यात बहुतेक वेळा गिळलेला दुसरा मासा असतो. पिशवी बाजूला सारून आतडे मोकळे करायचे, कात्रीने उभे उघडायचे आणि मिठाचे सौम्य पाणी घातलेल्या बशीत पसरायचे. मासा नदीवरून तासाभरात आणलेला असेल तर अस्तरात डोके रोवून बसलेले पांढरे, चपटे पट्टकृमी अजून हलत असतात. ओल्या रिबिनीसारखे लांबतात, आखडतात. तोच मासा दुपारपर्यंत बाजारात पडून राहिला तर कृमी ढिले पडलेले, गुंडाळलेले मिळतात आणि डोक्यावरच्या इवल्या आकड्यांतले कितीतरी गळून गेलेले असतात.

हा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा वाद या बशीतूनच निघतो.

मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. माझी पीएचडी गोड्या पाण्यातल्या माशांच्या पट्टकृमींवर झाली आणि तिच्यात मी दोन 'नव्या' प्रजातींना नावे दिली. आज ती दोन्ही नावे जादा नावांच्या यादीत आहेत. म्हणजे तो कृमी माझ्या कितीतरी आधी दुसऱ्या कुणी वर्णन केलेला होता, मी त्यालाच आणखी एक नाव चिकटवले. हे कळले तेव्हा वाईट वाटले, पण कागद समोर ठेवून पाहिले तेव्हा पटले की निर्णय योग्य आहे. तेव्हापासून माझे एक मत पक्के होत गेले आहे. आपल्या विद्यापीठांनी नव्या प्रजातीच्या नावावर पीएचडी आणि बढती देणे थांबवावे. ज्या कृमीचा मूळ नमुना, म्हणजे ज्यावरून वर्णन केले तो, सार्वजनिक संग्रहालयात क्रमांकासह जमा नाही, त्याचे नाव कोणत्याही प्रबंधात नवी प्रजाती म्हणून मोजू नये. आणि जुने नाव तपासून ते टिकते की नाही हे सांगणाऱ्याला, नवे नाव देणाऱ्याइतकेच श्रेय मिळावे.

बाहेरच्या माणसाला हा चार प्राध्यापकांमधला प्रश्न वाटेल. तो तसा नाही, कारण ही कामे सरकारी शिष्यवृत्तीवर, अनुदानावर, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशावर होतात. आणि माशांच्या रोगांचे काम करणाऱ्याला उद्या ज्या यादीवर विसंबायचे आहे, ती यादी आम्ही केलेली असते.

मराठवाड्यात आणि खानदेशात या विषयाला मोठी परंपरा आहे. सेंगा पैठणेन्सिस, सेंगा औरंगाबादेन्सिस, सेंगा गोदावरी, लायटोसेस्टस मराठवाडाएन्सिस, लायटोसेस्टस चाळीसगावेन्सिस ही कृमींची नावे आहेत. आपल्या गावाचे, आपल्या नदीचे नाव असे लॅटिन वेशात छापून आलेले पाहिले की ऊर भरून येतो. मलाही यायचा. जिथे धड सूक्ष्मदर्शक नव्हता अशा तालुक्याच्या गावांतून पोरांनी हे काम उभे केले, आणि त्या मेहनतीबद्दल मला आजही आदर आहे. प्रश्न मेहनतीचा नाही, ती कुठे वळवली गेली याचा आहे.

२०१२ साली गॅन्जेशिया या जीनसची, म्हणजे पट्टकृमींच्या जवळच्या प्रजातींच्या एका गटाची, मोठी फेरतपासणी प्रसिद्ध झाली. वुडलँड या शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये गंगेवरून या जीनसला नाव दिले. शिवडा, शिंगाळा, शिंगटी अशा मिशाळ माशांच्या आतड्यात हे कृमी राहतात. दक्षिण आणि आग्नेय आशियातून तोवर ४८ नावे छापली गेली होती. संशोधकांनी संग्रहालयांत असलेले जुने नमुने काढले, नवे मासे चिरले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, डीएनए तपासला. ४८ पैकी ४ प्रजाती उरल्या. त्याआधी एकच वर्ष, २०११ मध्ये, मागूर माशातल्या विनाखंडी पट्टकृमींचा असाच हिशेब झाला होता. ५९ नावांतली ८ टिकली.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचले. दहातले नऊ दाखले खोटे निघाले तर महसूल खात्यात चौकशी बसेल. आमच्याकडे तसे काही झाले नाही. दोन-चार जणांनी आपसात चर्चा केली, काहींनी 'गोऱ्यांना आपले बघवत नाही' म्हणून विषय संपवला, आणि पुढच्या अंकात पुन्हा नवी प्रजाती छापून आली.

एवढी नावे आली कुठून? लबाडीतून, असे कुणाला वाटत असेल तर ते खरे नाही. बहुतेक नावे चुकीच्या पद्धतीतून आली आणि ती पद्धत आम्ही एकमेकांना प्रेमाने शिकवली. कृमी काढला की दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवायचा, पट्ट्या दोऱ्याने करकचून बांधायच्या आणि तसाच फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा. कृमी छान सपाट होतो, हॅरिस हिमॅटॉक्झिलिनचा जांभळा रंग सुरेख चढतो, वर डीपीएक्स हा चिकट पदार्थ लावून झाकणकाच ठेवली की चित्र काढायला सोपी अशी पट्टी तयार. पण दाबामुळे कृमी रुंद होतो, डोक्याचा आकार बदलतो, अंडाशयाच्या पाळ्या फाकतात, एकावर एक असलेले वृषण बाजूला सरकतात. दोरा कुणी किती घट्ट बांधला यावर मापे ठरू लागतात. माझ्या मार्गदर्शकांच्या टेबलाशी उभा राहून मी सांगितलेले मला शब्दशः आठवते, "सर, वृषणांची संख्या आधीच्या वर्णनाशी जुळत नाही." सर आनंदाने म्हणाले, "मग नवीनच आहे. नाव शोध." आम्हा दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. तो कृमी लहान वयाचा आहे का, अर्धवट सडलेला आहे का, आधीच्या माणसाने मोजलेला नमुना दाबलेला होता की मोकळा, हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारलाच नाही.

आणि 'आधीचे वर्णन' म्हणजे काय, तर छापील कागद. त्या प्रजातीचा मूळ नमुना मी कधी पाहिला नव्हता. तो कुठे आहे तेही माहीत नव्हते. कागदावरच्या मापांशी माझी मापे ताडायची आणि फरक दिसला की नाव द्यायचे. पुढचा विद्यार्थी माझ्या कागदाशी आपली मापे ताडणार. अशा रीतीने चुकीवर चूक चढत गेली आणि प्रत्येक पायरीला संदर्भ म्हणून आधीची पायरी होतीच.

बरी पद्धत महागडी असती तर गरिबीचे कारण मी मान्य केले असते. ती महागडी नाही. जिवंत कृमी मिठाच्या पाण्यात धुऊन घ्यायचा आणि त्यावर उकळीच्या बेताला आलेले ४ टक्के फॉर्मॅलिन ओतायचे. तो क्षणात मरतो, सैल आणि सरळ अवस्थेत मरतो, दोऱ्याची गरज उरत नाही. शरीराचा एक तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा, म्हणजे पुढे कुणाला डीएनए काढता येईल. लागते काय, तर एक बीकर, एक स्पिरिटचा दिवा, खिडकी उघडी असलेली खोली आणि एक छोटी बाटली. मासा मात्र ताजा हवा, म्हणजे पहाटे उठून नदीवर जायला हवे. आमच्याकडच्या भोयांशी बोलून ठेवले तर तेही जमते. मला एक जण अनेक वर्षे सांगायचा, "सर, पोटातलं तुम्ही घ्या, मासा मला परत द्या." विज्ञानाला लागते ते त्याच्या दृष्टीने टाकाऊ होते. एवढा सोपा व्यवहार असताना आम्ही दुपारच्या बाजारात उरलेला मासा स्वस्तात घेत होतो.

मागुरातल्या विनाखंडी कृमींची गोष्ट आणखी नाजूक आहे. या गटाच्या कृमीला खंडांची साखळी नसते, सगळे शरीर एकसंध, आणि प्रजननाचे अवयव एकदाच. कोणता कृमी कोणत्या कुळातला हे ठरवायला पाहावे लागते की अंड्यांना पोषण पुरवणाऱ्या बारीक ग्रंथी शरीराच्या आतल्या स्नायूंच्या थराबाहेर आहेत की आत. हे वरून दाबलेल्या पट्टीत दिसत नाही. मेणात बसवून आडवे काप घ्यावे लागतात. असे काप घेणारे यंत्र, मायक्रोटोम, जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या महाविद्यालयात आहे. वर्गाला मेंढीच्या यकृताचे काप दाखवायला तो चालतो, पण संशोधनाच्या कृमीचा काप घ्यायला बाहेर निघत नाही, कारण त्याला आठवडा लागतो आणि निबंधाला काप लागतातच असे कुणी म्हणत नाही.

आता नागपूरची एक गोष्ट, जी मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. १९२५ साली एम. ए. मोघे यांनी मागुरातल्या एका कृमीचे वर्णन 'पॅरासायटॉलॉजी' या नियतकालिकात छापले. नाव दिले कॅरिओफिलीयस इंडिकस. सहा वर्षांनी, १९३१ मध्ये, तेच मोघे त्याच नियतकालिकात परत आले. त्यांनी त्याच कृमीचे पुरवणी वर्णन दिले, ते लायटोसेस्टस या जीनसखाली. आपणच केलेले काम पुन्हा उघडायचे, ते जगासमोर दुरुस्त करायचे, तेही नवे नाव मिळत नसताना. आज ५९ मधून ज्या ८ प्रजाती उरल्या त्यांत लायटोसेस्टस इंडिकस आहे. मोघ्यांकडे डीएनए नव्हता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता, इंटरनेट नव्हते. त्यांच्याकडे परत जाऊन पाहण्याची तयारी होती. आमच्या पिढीने त्यांचे नाव संदर्भयादीत शेकडो वेळा लिहिले असेल, पण त्यांची १९३१ ची कृती आम्ही उचलली नाही.

का उचलली नाही, याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात आहे. २००९ च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करण्याआधी एक तरी शोधनिबंध छापलेला असावा अशी अट घातली. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आली आणि प्रत्येक निबंधाला गुण मिळू लागले. नव्या नावांचा सोस त्याआधीही होता, हे मी स्वतः साक्षीदार म्हणून सांगतो. या नियमांनी त्याला आकड्यात बसवले एवढेच. एका माशातून एक कृमी, एका कृमीचा एक निबंध, एका निबंधाचे ठरलेले गुण. दहा जुन्या नावांची तपासणी करायला तीन वर्षे लागतील आणि शेवटी एकच निबंध होईल, तोही बहुधा आपल्याच वरिष्ठांची नावे खोडणारा. बढतीची तारीख जवळ आलेल्या माणसाने यातले काय निवडावे? २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधी निबंधाची सक्ती काढून टाकली, हे चांगले झाले. पण मुलाखतीच्या टेबलावर 'किती नव्या प्रजाती?' हा प्रश्न आजही येतो, आणि उत्तरात आकडा मोठा असला की समिती मान डोलावते.

या मताला होणारा विरोध मला माहीत आहे आणि त्यातला काही भाग गंभीर आहे.

पहिला आक्षेप परकेपणाचा. युरोपातल्या प्रयोगशाळेत बसून लोक आपली नावे खोडतात, असा. फेरतपासणीत चेक प्रजासत्ताकातल्या संस्थेचा मोठा वाटा होता हे खरे आहे. पण त्या निबंधांच्या लेखकांत भारतीय संशोधक आहेत, नमुने भारतातल्या नद्यांतून आणि बाजारांतून भारतीयांनी गोळा केले आहेत. आणि काय टिकले तेही पाहायला हवे. गॅन्जेशियाच्या चारपैकी एक, आग्राएन्सिस, वर्मांनी १९२८ मध्ये वर्णन केली. दुसरी, वाचाय, गुप्ता आणि परमार यांनी १९८८ मध्ये. गढवालच्या नायर नदीतल्या माशात मल्होत्रांनी १९८३ मध्ये एक कृमी वर्णन केला. पुढे २०१५ मध्ये डीएनएच्या आधारे तो वेगळी, खरी प्रजाती ठरला. त्याचा जीनस बदलला, पण मल्होत्रांनी दिलेले नायरेन्सिस हे नाव राहिले. काम चोख असेल तर पासपोर्ट कुणी विचारत नाही. उलट चुकाही सगळ्यांच्या निघाल्या आहेत. जपानच्या यामागुतींसारख्या थोर कृमितज्ज्ञाने १९३४ मध्ये एकाच निबंधात एकाच कृमीला दोन नावे दिली होती, हे पुढे सिद्ध झाले.

दुसरा आक्षेप मला जास्त अडवतो. ४८ ची ४ करताना काही खऱ्या प्रजातीही पुसल्या गेल्या नसतील कशावरून? गोदावरी आणि तापी या वेगळ्या नद्या आहेत, गंगेपासून तर फारच वेगळ्या. दिसायला सारखे आणि डीएनएने वेगळे असे कृमी जगात सापडतात. खुद्द यजमान माशांची ओळखही पक्की नाही. ज्याला आम्ही आयुष्यभर क्लॅरिअस बॅट्रॅकस म्हणत आलो, तो आपल्याकडचा मागूर खरे तर क्लॅरिअस मागूर आहे आणि बॅट्रॅकस हा जावा बेटाकडचा मासा आहे, हे २००८ नंतर मान्य होत गेले. बाजारात तर 'थाई मागूर' या नावाने आफ्रिकन मासा, बंदी असूनही, आपल्या मागुराच्या शेजारी पडलेला असतो. जुन्या निबंधांत 'मागूर' म्हणून नेमका कोणता मासा चिरला होता, हे आता कसे कळणार?

हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचे उत्तर माझ्याच बाजूचे आहे. पैठणच्या नावाचा कृमी वेगळा आहे असा ज्यांचा दावा आहे त्यांनी पैठणला परत जावे. नाथसागरात त्याच माशातून तोच कृमी ताजा काढावा, नीट मारावा, तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवावा, मासासुद्धा जपून ठेवावा, आणि दाखवावे. वेगळा निघाला तर ते नाव पुन्हा जिवंत होईल आणि मला मनापासून आनंद होईल. पण हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला 'यात नवीन काय?' असे विचारून परत पाठवले जाणार असेल, तर तो दावा कायमचा भावनेवरच उभा राहील.

नव्या प्रजाती जगात उरल्याच नाहीत, असे मी म्हणत नाही. अमेरिकी अनुदानावर २००८ ते २०१७ या काळात पट्टकृमींची जगभर मोजदाद झाली, तिच्यात दोनशेहून अधिक नव्या प्रजाती सापडल्या. पण ते करतानाच त्या गटांनी जुन्या नावांची छाननीही केली आणि नमुने संग्रहालयात ठेवले. या दोन कामांची फारकत आम्ही केली.

एका चुकीच्या नावाने कुणाचे काय बिघडते, असे मला एकदा एका प्राचार्यांनी विचारले होते. प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम असे आहेत की रीतसर छापलेले नाव परत पुसता येत नाही. ते चूक ठरले तरी यादीत राहते आणि त्यापुढे त्या गटात काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याचा निकाल लावावा लागतो. मी १९९० च्या सुमाराला दोन महिन्यांत उरकलेले काम तपासायला वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला तितकेच महिने घालवावे लागले. तो वेळ त्याने खरोखर अज्ञात असलेल्या कृमीवर घालवला असता.

आणि मत्स्यपालनाचे तर थेट बिघडते. जगभर 'आशियाई मत्स्य पट्टकृमी' म्हणून कुप्रसिद्ध असलेला शायझोकोटायल अकायलोग्नाथी हा कृमी पूर्व आशियातला. गवत्या मासा तण खातो म्हणून चीनमधून देशोदेशी नेला गेला आणि त्याच्या पोटातून हा कृमीही गेला. आता तो ३०० हून अधिक जातींच्या माशांत नोंदला गेला आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीतल्या हम्पबॅक चब या दुर्मीळ माशापर्यंत तो पोहोचला. बोटुकलीच्या तलावात तो शिरला तर इवल्या माशांचे आतडे तुंबते आणि पिल्ले मरतात. एकट्या या कृमीला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावे दिली गेली होती. यामागुतींची दोन, १९५५ मध्ये चीनमधून आणखी एक, पुढेही भर पडतच गेली. दहा गावांत दहा नावांनी फिरणारा माणूस एकच आहे हे कळेपर्यंत पोलिसांचा जेवढा वेळ जातो, तेवढाच इथेही गेला.

या आशियाई कृमीचा मधला यजमान, म्हणजे माशात शिरण्याआधी तो ज्याच्यात वाढतो तो, आहे पाण्यातला सूक्ष्म झिंग्यासारखा जीव, सायक्लॉप्सच्या गटातला. मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना सायक्लॉप्स सांगावा लागत नाही. बारवेच्या पाण्यातून नारू व्हायचा तो त्याच्याच मार्फत. नारूच्या बाबतीत आपल्याला रोग कोणता, कृमी कोणता, मधला यजमान कोणता हे नेमके ठाऊक होते. म्हणून पाणी गाळून पिण्याइतका साधा उपाय कामी आला, १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. मागुरातले विनाखंडी कृमी मात्र सायक्लॉप्समधून येत नाहीत, ते चिखलातल्या ट्युबिफेक्ससारख्या गांडुळवर्गी जिवातून येतात. म्हणजे तलावातल्या कृमीची ओळख चुकली तर सायक्लॉप्स मारायचे की गाळ काढायचा, हा निर्णयच चुकतो. मत्स्यबीज विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला 'तुमच्या माशात नवी प्रजाती आहे' असे सांगून काहीच उपयोग नाही. ती कोणती, कुठून आली आणि तिच्यावर काय चालते, हे त्याला हवे असते.

लोक हटकून विचारतात म्हणून सांगतो, शिवड्यातले किंवा मागुरातले हे कृमी माणसाला होत नाहीत आणि मासा नीट शिजवला की भीतीचे कारण नाही. माशांमधून माणसात जाणारे पट्टकृमी वेगळ्या गटाचे आहेत आणि ते मुख्यतः थंड प्रदेशात, कच्चा मासा खाणाऱ्यांत आढळतात.

आता नमुन्यांकडे येतो, कारण सगळे तिथेच अडते. फेरतपासणी करणाऱ्यांना आपल्याकडच्या कितीतरी प्रजातींचे मूळ नमुने मिळालेच नाहीत. निबंधात लिहिलेले असते, 'नमुने विभागाच्या संग्रहात ठेवले आहेत.' विभागाचा संग्रह म्हणजे बहुधा एक लाकडी कपाट. मार्गदर्शक निवृत्त होतात, किल्ली कुणाकडे तरी जाते, इमारतीला रंग देताना कपाट जिन्याखाली येते. मी काम केले त्या ठिकाणी एका पावसाळ्यात छत गळले आणि काचपट्ट्यांचे दोन डबे पाण्यात गेले. त्यांत कुणाकुणाचे मूळ नमुने होते याची यादीसुद्धा नव्हती. कुणी मुद्दाम केले नाही, पण त्या दिवशी किती नावे कायमची तपासणीच्या बाहेर गेली हे कुणालाच सांगता येणार नाही.

हे असे चालायला नको, हे कायदाही सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने ती नेमलेल्या संस्थेला कळवणे आणि नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तर १९९९ नंतरच्या नव्या प्रजातीसाठी मूळ नमुना निश्चित करण्याची आणि तो कोणत्या संग्रहात ठेवणार हे सांगण्याची अट आहेच. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून कोलकात्यात आहे आणि तिचे एक केंद्र आपल्या पुण्यात आहे. मराठवाड्यातून पुण्याला एसटी रात्रभरात जाते. विद्यापीठांनी एवढेच करावे की प्रबंधाच्या पहिल्या पानावर, प्रमाणपत्राच्या शेजारी, संग्रहालयाच्या नोंदीचा क्रमांक मागावा. क्रमांक नसेल तर प्रबंध परीक्षकाकडे जाऊ नये. त्यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, अभ्यास मंडळाची एक बैठक पुरते.

एक गोष्ट मात्र सरकारच्या हातात आहे. संग्रहालयात नमुने लावणारी, जपणारी, मागणाऱ्याला दाखवणारी माणसे हवीत. जमा केलेला नमुना पाहायला मिळत नसेल तर जमा करून उपयोग काय, असे विद्यार्थी मला विचारतात आणि त्यांचे बरोबर आहे. प्रत्येक पट्टीचे चांगल्या प्रतीचे छायाचित्र कुणालाही पाहता येईल असे ठेवले, तर नांदेडच्या मुलाला कोलकात्याची नोंद नांदेडात बसून ताडता येईल.

आणि जे निवृत्त झाले आहेत, होत आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घरातल्या कपाटात, महाविद्यालयाच्या जिन्याखाली, जिथे असतील तिथून काचपट्ट्या बाहेर काढा. डीपीएक्स पिवळे पडते, कडेने फुटते, रंग उडतो. या पट्ट्या आपली खासगी मालमत्ता नाहीत. आपली नावे खोडली जातील ही भीती मला समजते, माझी खोडली गेली आहेत. पण पट्टी असेल तरच नाव टिकण्याचीही शक्यता आहे. तिच्याशिवाय ते नाव ना खरे ठरू शकते ना खोटे.

गेल्या महिन्यात मी माझे डबे उघडले. ४३ पट्ट्या निघाल्या. ११ वर चिठ्ठीच उरलेली नाही. सहांवर 'शिवडा, पैठण' एवढेच लिहिलेले आहे, तारीख नाही, मासा ताजा होता की बाजारातला याची नोंद नाही. एकीवर माझ्याच अक्षरात 'नवीन?' असे लिहून पुढचे प्रश्नचिन्ह नंतर शाईने खोडलेले आहे. यादी करून झाली आहे. पावसाळा संपला की सगळ्या पट्ट्या पुण्याला नेऊन देणार आहे, आणि त्याआधी एकदा पहाटे नाथसागरावर जाऊन दोन शिवडे घेऊन येणार आहे.